बंदुका ठेवायच्या कुठं

शेरीफची माणसं बंदुका न्यायला आली तेव्हा फर्नांड डेगल बटाटे काढायच्या हार्वेस्टरच्या फळीवर उभा राहून बटाट्यांतले दगड वेचत होता. सरकत्या पट्ट्याच्या पलीकडं त्याची बायको लॉरेट होती, आणि दोघांच्या बाजूला काढणीपुरत्या कामाला आलेल्या शेजारच्या दोन बायका. ट्रॅक्टर फर्नांडचा थोरला भाऊ रोझेर चालवत होता. एरवी ट्रॅक्टरवर फर्नांडच असायचा. पण वसंतात नांगरट करताना उतारावर ट्रॅक्टर कलंडला, फर्नांडचा खुबा मोडला, आणि तेव्हापासून त्याला त्या उंच आसनावर चढता येईना. म्हणून यंदा तो आपल्याच शेतात बायकापोरांचं काम करत होता. कमरेला पट्टा बांधून, एका पायावर भार देऊन.

दोन गाड्या शेताच्या कडेनं चिखल उडवत आल्या. भरदिवसा वरचे निळे दिवे फिरत होते. रोझेरनं ट्रॅक्टर बंद केला. पट्टा थांबला, आणि एवढा वेळ त्या आवाजात कुणाला न जाणवलेला वारा कानात घुमायला लागला.

"मिस्टर डेगल," डेप्युटी खालून म्हणाला. वयानं लहान होता, बूट नवे होते, चिखलात पाय ठेवताना तो जागा शोधत होता. "कोर्टाचा हुकूम आहे. घरातल्या सगळ्या बंदुका ताब्यात घ्यायच्यात आम्हाला."

"कशाला? मी कुणाला मारलं?"

"तसं काही नाही. नवा कायदा आहे ना, घरच्यांनी अर्ज केला की..." त्यानं पट्ट्यापलीकडच्या लॉरेटकडं पाहिलं आणि नजर वळवली. "तुमच्या मिसेसनी अर्ज केलाय."

फर्नांडनं लॉरेटकडं पाहिलं नाही. हातमोज्यावरचं ढेकूळ त्यानं अंगठ्यानं खरवडून काढलं. मग कमरेचा पट्टा सोडला आणि कठड्याला धरून, एक एक पाय टाकत, खाली उतरला. कुणी हात पुढं केला नाही. केला असता तर त्यानं झिडकारला असता हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अंगणात गाडीच्या टपावर कापड पसरून डेप्युटीनं बंदुका मांडल्या. एकेकीचं नाव आणि नंबर मोठ्यानं वाचायचा, दुसरा लिहून घ्यायचा. बदकांची दुनळी. हरणाची रायफल. बापाची जुनी रायफल, जिच्या दस्त्यावर बापाच्या गालानं घासून फिकट डाग पडला होता. शेतातून सगळ्यांना ऐकू येत होतं.

"शिकारीचा मोसम तोंडावर आलाय," रोझेर म्हणाला. तो मागं येऊन उभा राहिला होता. "माणसानं हरीण काय दगडानं मारायचं?"

"मी फक्त हुकूम बजावतोय, सर."

"हो हो. सगळे तेच करतात."

गाड्या गेल्या. फर्नांड लंगडत शेतात परत आला, फळीवर चढला, कमरेला पट्टा बांधला.

"चालू कर," तो भावाला म्हणाला. "पाऊस येतोय."

आणि संध्याकाळपर्यंत नवरा-बायको एकमेकांसमोर, हातभर अंतरावर, दगड वेचत राहिले. दोघांचे हात एकाच ढेकळाकडं गेले की दोघंही मागं घेत, आणि ढेकूळ बटाट्यांबरोबर पुढं निघून जाई.

लॉरेटनं जे पाहिलं होतं ते तिनं डॉक्टर आणि न्यायाधीशाखेरीज कुणालाच सांगितलं नव्हतं. काढणीच्या आधी एका सकाळी फर्नांड अंथरुणात नव्हता. खुबा मोडल्यापासून त्याच्या डोळ्याला डोळा लागत नसे. गोळ्यांनी दुखणं सुन्न व्हायचं आणि माणूसही. बोलणं कमी झालं होतं. दाढी वाढली होती. ताटातलं अन्न तो काट्यानं इकडून तिकडं सरकवायचा. तिला वाटलं, बटाट्याच्या कोठारात गेला असेल. अर्धं जमिनीत पुरलेलं ते कोठार तेव्हा रिकामं होतं. आत तो उलट्या पिंपावर बसला होता, मांडीवर बापाची रायफल. शेजारच्या पिंपावर चष्मा, घड्याळ आणि गाडीची किल्ली नीट एका ओळीत मांडून ठेवलेली.

"साफ करतोय," तो म्हणाला होता.

तिनं त्याच्या हातातून ती काढून घेतली. त्यानं घेऊ दिली. ती बाहेर आली आणि तिनं जाऊन नाश्त्याची तयारी केली, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचेना.

काढणीच्या त्या संध्याकाळी तिनं बकव्हीटच्या पिठाची घावनं घातली, वाटाण्याचं सूप गरम केलं. फर्नांड हात धुऊन बसला.

"मला सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर?"

त्यानं सूपात चमचा बुडवला.

"तुझ्या भावाला सांगितलं असतं तर तो हसला असता. डॉक्टरला सांगितलं, त्यानं गोळी बदलली. मग मी कुठं जायचं, तूच सांग."

"मी साफ करत होतो."

"तेल कुठं होतं? फडकं कुठं होतं, फर्नांड?"

त्यानं घावन फाडलं, लोणी लावलं, आणि खाल्लं नाही. "सगळ्यांसमोर," तो म्हणाला. "दिवे लावून. मी चोर असल्यासारखा."

"ते तसे येतील हे मला माहीत नव्हतं," लॉरेट म्हणाली. "मला म्हणाले, दोन माणसं येतील, शांतपणे नेतील."

"कोण म्हणालं?"

"कोर्टातली बाई."

"तिला काय. मत मागायला दर वेळी दारात येतात हे लोक. कायदा करताना कुणी विचारलं का मला?"

हे लोक म्हणजे त्याचाच पक्ष. डेगल घराणं पिढ्यान् पिढ्या डेमोक्रॅट. बाप कागदाच्या गिरणीत युनियनचा माणूस होता. मालकाशी भांडून त्यानं रजा मिळवली, औषधपाणी मिळवलं, आणि पोरांना शिकवलं की आपलं मत कुठं जातं ते विचारायचं नसतं, श्वास कुठून येतो ते विचारतो का आपण? नदीकाठच्या या गावात बाप्तिस्म्याचं पाणी आणि पक्ष एकाच दिवशी मिळायचा. आणि त्याच घरांत दाराच्या मागं बंदूकही असायची. इतकी वर्षं या दोन गोष्टींचं भांडण झालं नव्हतं. गेल्या वर्षी त्यांच्याच पक्षानं हा कायदा केला. विरोधकांनी सह्या गोळा करून तो मतदानाला लावला. नोव्हेंबरात लोकांनी सांगायचं होतं, ठेवायचा की काढायचा.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला. शेतात जाता येईना. फर्नांड काठी टेकत रस्त्याच्या कडेला गेला आणि स्वतःच रोवलेली पक्षाची पाटी उपटली. खुंट्या घट्ट बसल्या होत्या, दोनदा तो चिखलात बसला. ती पाटी त्यानं कोठाराच्या फुटक्या खिडकीवर ठोकली, अक्षरं आतल्या बाजूला करून. लॉरेट स्वयंपाकघरातून हातोड्याचा आवाज ऐकत राहिली.

रोझेर आला तो हसतच. "शाबास! बाबा थडग्यात उठून बसले असतील."

"वारा येत होता आत," फर्नांड म्हणाला.

"ऐक. शिकाऱ्यांच्या क्लबात शनिवारी जेवण आहे. मतदानाच्या आधीचं. कोरिव्हो येतोय, रिपब्लिकनांचा उमेदवार. त्याला तू हवायस. दोन शब्द बोल. बाकी सगळे बोलतात ते हवेतलं. तुझ्या दारात घडलंय."

"तू कधीपासून त्यांचा झालास?"

"मी कुणाचा नाही. मी बंदुकीचा." रोझेर हसायचा थांबला. "चाळीस वर्षं मी यांना मत दिलं, फर्नांड. गिरणी गेली, तेव्हा म्हणाले थांबा. नदीवरचा पूल खचला, थांबा. आता माझ्या घरात शिरायचं तेवढं यांना थांबवेना. बास झालं."

स्वयंपाकघरात लॉरेट भांडी घासत होती. रोझेर तिच्या पाठीमागून गेला, पाणी प्यायला, पेला ठेवला, आणि एक शब्द न बोलता निघून गेला. हे असंच चाललं होतं. ट्रॅक्टरवरून उतरला की तो फर्नांडला म्हणायचा, "तिला सांग, मागची साखळी सैल झालीय." आणि ती तीन पावलांवर उभी असायची.

गावातही तेच. दुकानात बायका हवापाण्याचं बोलायच्या, पण तिच्याशी बोलताना आवाज जपून. रविवारी चर्चमध्ये तिच्या बाकावर दोघांचीच जागा भरली, बाकी बाक मोकळा. शाळेला काढणीपुरती मिळालेली सुट्टी संपली, आणि लॉरेट कामाला जायची ते शाळेचं स्वयंपाकघर सुरू झालं. तिथं तिच्याबरोबर वर्षानुवर्षं कणीक मळणारी जर्मेन म्हणाली, "मी असते तर बंदुका नदीत टाकल्या असत्या. पण परक्यांना घरात नसतं आणलं, बाई." लॉरेटनं ओव्हनचं दार उघडलं आणि तोंडावर वाफ घेतली.

काढणी संपली. बटाटे कोठारात भरले. कुठं कुजका वास येतोय का, हे बघत लॉरेट रोज ढिगावरून हात फिरवायची. फर्नांडनं गोळ्या अर्ध्या केल्या होत्या. दुखायचं, पण तो आता रोज दाढी करत होता. का ते तिला कळत नव्हतं, आणि तिनं विचारलंही नाही.

अशात एके दुपारी पॉलीन मिशो आली. पक्षाची जिल्ह्याची बाई, पूर्वीची शाळामास्तरीण, लॉरेटच्या मुलीला तिनंच शिकवलं होतं. हातात सफरचंदाचा केक.

"लॉरेट, तू जे केलंस त्याला फार धैर्य लागतं."

"बसा. कॉफी?"

"रेडिओवर दोन मिनिटं बोलशील? नाव नाही सांगायचं. नुसतं, एका शेतकऱ्याची बायको. या खोऱ्यात आपण हरतोय गं. बायकांना कळायला हवं की हा कायदा जीव वाचवतो."

"नाव नाही सांगितलं तर गाव ओळखणार नाही?"

पॉलीननं कप फिरवला. "ओळखतील. पण एका घराची लाज मोठी, की..."

"डेप्युटी दिवे लावून आले, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ते चुकलंच. मी लिहीन त्यांना."

"मजूर बायकांसमोर माझ्या नवऱ्याच्या बंदुका एकेक वाचून दाखवल्या. मला वाटलं मी त्याला वाचवतेय. त्या क्षणी वाटलं, मीच त्याला ढकलतेय. हे बोलू रेडिओवर?"

पॉलीननं कप खाली ठेवला. म्हणाली, "मतदानानंतर बोलू."

"मतदानानंतर तुम्ही येत नाही, पॉलीन. कधीच आला नाहीत." लॉरेटनं केक परत तिच्या हातात दिला नाही, तेवढं वाईट तिला वागता आलं नाही. पण संध्याकाळी तो तसाच पडून राहिला.

शनिवारी क्लबात बीन्स शिजत होते. जमिनीत पुरलेल्या हंड्यांतले बीन्स, हरणाचं मटण, पाव. पहिल्या आठवड्याची शिकार झाडाला टांगलेली. लॉरेट दर वर्षी वाढायला असायची, म्हणून याही वर्षी आली. न येणं म्हणजे चूक कबूल करणं, असं तिला वाटलं. बायकांनी तिच्या हातात डाव दिला आणि बाजूला सरकल्या. पुरुष ताटं पुढं करायचे, खाली बघून. ती वाढत राहिली. मनगट भरून आलं.

कोरिव्हो चाळिशीचा, गोरागोमटा, आवाज कमावलेला. त्यानं फर्नांडला पुढं बोलावलं. फर्नांड काठी घेऊन उठला. खुर्च्यांमधून जायला त्याला वेळ लागला आणि सगळे वाट बघत राहिले, ते त्याला आवडलं नाही.

"मला बोलता येत नाही," तो म्हणाला. "ते आले. दिवे लावून आले. काढणी चालू होती. माझ्या बापाची रायफल गाडीच्या टपावर ठेवली आणि नंबर वाचला. मी आयुष्यभर या लोकांना मत दिलं. एकानंही येऊन विचारलं नाही, फर्नांड, कसा आहेस. यंदा मी देणार नाही. एवढंच."

टाळ्या वाजल्या. कुणी टेबलावर मुठी आपटल्या. फर्नांड वळला, आणि तेवढ्यात कोरिव्होनं त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला धरून ठेवलं.

"बघा! हा कायदा काय करतो ते बघा! ज्या बाईनं देवासमोर या माणसाचा हात धरला, तिलाच त्याच्यावर सोडतो. घरातच हेर तयार करतो!"

पुन्हा टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विरल्या, कारण लॉरेट तिथंच, हातात डाव घेऊन, उभी होती. तिला वाटलं डाव खाली ठेवावा. ठेवायला जागा सापडेना.

फर्नांडनं खांद्यावरचा हात काढला.

"तिला मध्ये आणू नको."

"मी कायद्याबद्दल..."

"तू तिच्याबद्दल बोललास." फर्नांडनं लोकांकडं पाहिलं नाही. काठीच्या टोकाकडं बघत बोलला. "मी सगळ्यांना सांगितलं, साफ करत होतो. नव्हतो करत. ती कोठारात आली नसती तर तुम्ही हे बीन्स माझ्या नावानं खाल्ले असते. मग कोण हेर आणि कोण काय, ते तुमचं तुम्ही ठरवा."

तो चालत बाहेर गेला. दार वाऱ्यानं आपटलं. रोझेर पहिल्या रांगेत बसला होता. त्याच्या हातातला पाव तसाच राहिला. कुणीतरी खोकलं. लॉरेटनं पुढच्या माणसाच्या ताटात बीन्स वाढले, कारण ताट समोर होतं, आणि मग एप्रन सोडून ती नवऱ्याच्या मागं गेली. गाडीत दोघं बराच वेळ बसून राहिली. तिनं चावी फिरवली नाही, त्यानं सांगितलं नाही.

मंगळवारी मतदान. दोघं एकाच गाडीतून गेली. अग्निशामक दलाच्या शेडमध्ये रांग होती. पॉलीन दाराबाहेर थंडीत हात चोळत उभी होती. तिनं मान हलवली, लॉरेटनंही. आत पडद्यामागं लॉरेट नेहमीपेक्षा जास्त थांबली. कायदा ठेवा, या चौकटीत तिनं खूण केली, पेन दाबून. मग वर आपल्या पक्षाच्या उमेदवाराचं नाव पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं ती जागा कोरी सोडली.

परत येताना फर्नांड म्हणाला, "आपल्या माणसाला नाही दिलं."

"मीपण नाही."

त्यानं तिच्याकडं चमकून पाहिलं. "कोरिव्होला?"

"त्याला तर मेले तरी नाही."

तो हसला. खूप दिवसांनी हसल्यामुळं ते खोकल्यासारखं वाटलं. "मीही त्याला नाही दिलं. मग दिलं कुणाला आपण?"

"कुणालाच नाही," लॉरेट म्हणाली. आणि दोघांनाही एकदम फार थकल्यासारखं झालं, जणू एवढा वेळ कुणीतरी पाठीवर बसलं होतं आणि उतरून गेलं, आता पाठ कशी सरळ करायची तेच आठवत नव्हतं. कायद्याच्या प्रश्नावर काय केलंस, हे तिनं विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

कायदा पडला. खोऱ्यात तर फारच मोठ्या फरकानं. कोरिव्हो निवडून आला. रोझेरच्या क्लबात रात्रभर गाणी चालली, पण दुसऱ्या दिवशी रोझेर भावाकडं आला नाही. आठवडाभरानं हरणाची एक मांडी कुणीतरी मागच्या दाराला टांगून गेलं. गाठ रोझेरची होती.

डिसेंबरात, बर्फ पडल्यावर, शेरीफच्या कचेरीतून फोन आला: हुकूम रद्द झालाय, बंदुका घेऊन जा. दोघं गेली. तोच तरणा डेप्युटी होता. त्यानं बंदुका टेबलावर आणून ठेवल्या, या वेळी एकेक, सावकाश, नावं न वाचता.

"इथंच राहू देता येतील का?" फर्नांडनं विचारलं. "थोडे दिवस."

डेप्युटीनं डोकं खाजवलं. "सर, आता कायदाच नाही. ठेवून घ्यायचा अधिकार नाही मला." मग हळू आवाजात, "खरंच सॉरी. त्या दिवशी दिवे... मला सांगितलं होतं तसं."

"असू दे."

बंदुका गाडीत ठेवल्या. लॉरेटनं गाडी चालू केली आणि घराच्या वळणाशी येताच तिचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. फर्नांडनं ते पाहिलं.

"सरळ जा," तो म्हणाला. "रोझेरकडं."

रोझेर अंगणात लाकडं फोडत होता. गाडीतल्या बंदुका पाहून त्याचा चेहरा उजळला. "आल्या? बघ! सांगितलं होतं ना मी!"

"तुझ्या लोखंडी कपाटात जागा आहे?"

"आहे की. का?"

"ठेव."

रोझेरनं कुऱ्हाड ओंडक्यात रोवली. त्याला लगेच कळलं नाही. मग कळलं. "अरे, आपण जिंकलो ना," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. "तुझ्या आहेत त्या. कुणाचा बाप आता..."

"माझ्याच आहेत. म्हणून मी सांगतोय. रात्री अजून झोप लागत नाही, रोझेर."

बर्फावर पाय घासत रोझेर काही वेळ उभा राहिला. साठी उलटलेला माणूस, तोंडातून वाफ येत होती, भुवयांवर लाकडाचा भुसा. भावाला मिठी मारावी की काय, असं त्याला वाटलं असावं. त्यांच्या घरात ती रीत नव्हती. तो गाडीकडं गेला. एकेक बंदूक उचलायची, नळी उघडून आत पाहायची, आत नेऊन ठेवायची, परत यायचं. त्याला कुणी मदत केली नाही. कपाटाचं दार लागल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. तो किल्ली घेऊन परतला आणि ती भावापुढं धरली.

"माझ्याकडं नको," फर्नांड म्हणाला.

"मग किती दिवस ठेवायच्या?"

"मला काय विचारतोस?" फर्नांड गाडीला टेकला. पाय दुखत होता. "तिला विचार."

सप्टेंबरपासून रोझेर तिच्याशी बोलला नव्हता. त्यानं टोपी काढली, डोकं पुसलं, पुन्हा घातली. मग बर्फातून गाडीला वळसा घालून लॉरेटच्या खिडकीपाशी आला आणि तिनं काच खाली करेपर्यंत थांबला.

"लॉरेट," तो म्हणाला, "तू म्हणशील तोवर. चालेल?"